शाम्पूत केस कधी आले?

'शाम्पू' हा शब्द मूळचा आपल्याकडचा, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. त्याबद्दलचा मजकूर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येऊन जातो. 'चंपी'वरून 'शाम्पू' आला, पाटण्याच्या एका माणसाने तो विलायतेला नेला, आणि गोऱ्यांना केस धुवायला आपण शिकवलं, असा त्याचा गाभा. यातलं पहिलं विधान जवळपास बरोबर आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं साफ चूक.

इंग्रजीत शिरल्यावर जवळजवळ शंभर वर्षं या शब्दाचा केसांशी काडीचाही संबंध नव्हता. साबणाशी नव्हता, सुरुवातीला तर पाण्याशीही नव्हता. इंग्रज माणूस 'शाम्पू करवून घेतला' म्हणाला की त्याचा अर्थ अंग चेपून घेतलं, हातपाय रगडून घेतले, सांधे मोकळे करून घेतले. दमून आलेल्या माणसाचे आपण पाय चेपतो, तेच. म्हणजे 'हा शब्द आला कुठून' हा प्रश्न तसा सोपा आहे. चेपण्याचा शब्द धुण्याचा झाला कसा, हा खरा प्रश्न. तो सोडवायला निदान अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

छापलेल्या कागदावर

शब्दाच्या आधी त्याने दाखवलेली गोष्ट इंग्रजांच्या नजरेस पडली होती. सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील जहांगीर बादशहाच्या दरबारी असताना १६१६ मध्ये एडवर्ड टेरी नावाचा पाद्री इकडे आला आणि मग त्याच्याकडे राहिला. इकडचे लोक आराम करताना न्हाव्याला बोलावतात, तो त्यांचे दंड आणि बाकीचं अंग हलक्या हाताने पकडतो, थापट्या मारतो, व्यायामाऐवजी यानेच रक्त खेळतं राहतं, असं त्याने लिहून ठेवलंय. उष्ण हवेच्या देशात या सुखाची फार किंमत आहे, असंही तो म्हणतो. वर्णन अगदी नेमकं आहे, पण त्या क्रियेला टेरीकडे नाव नाही.

नाव दिसायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. जॉन हेन्री ग्रोस हा कंपनीचा कारकून १७५० मध्ये मुंबईला आला. त्याचं प्रवासवर्णन १७५७ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो या प्रकाराला 'चॅम्पिंग' म्हणतो, आणि ही प्रथा मूळची चिनी असावी अशी आपल्याला मिळालेली माहितीही नोंदवतो. प्राचीन रोमन लोकांनाही हे ठाऊक होतं, हे दाखवायला त्याने मार्शल आणि सेनेका या रोमन लेखकांचे दाखले दिलेत. १७५७ च्या पुस्तकात 'च' अजून शाबूत आहे, हे ध्यानात ठेवू.

पुढे १७६२ मध्ये लंडनमध्ये आणखी एक प्रवासवर्णन निघालं. प्रवास १७४७ आणि १७४८ सालचा. त्यात मात्र थेट 'शाम्पूइंग' आहे. इंग्रजी कोशकार या शब्दाची सर्वात जुनी छापील नोंद म्हणून हीच दाखवतात. लेखक म्हणतो की शाम्पूइंग हा प्रकार युरोपात माहीत नाही, तो चिनी लोकांचाच. आपण एकदा कुतूहलाने थोडे पैसे देऊन तो करवून घेतला. पण आपल्याआधी काही व्यापाऱ्यांना 'शाम्पू' होताना पाहिलं नसतं, तर त्यासाठीची निरनिराळी हत्यारं बघूनच आपली छाती दडपली असती.

इथे एक बारकावा आहे. माणसं चीनमधली, प्रकार चिनी म्हणून सांगितलेला, आणि त्याला लावलेला शब्द हिंदुस्तानी! याचा अर्थ, ते पुस्तक छापलं जाईपर्यंत हा शब्द कंपनीच्या गलबतांवर आणि वखारींत इतका रुळला होता की तो लावायला समोरचा माणूस हिंदुस्तानी असण्याचीही गरज उरली नव्हती. छापील नोंद हा शब्दाचा जन्मदाखला नसतो. तोंडात तो बराच आधीपासून असतो. जुन्या शब्दांबद्दल कुणी एखादं साल ठोकून सांगितलं की एवढी सवलत मनात धरून ऐकावं.

जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या अधिकाऱ्याची अनेक वर्षं मुंबई आणि गुजरातेत गेली. त्याच्या आठवणी १८१३ मध्ये छापून आल्या. हिंदुस्थानच्या हवेतल्या सुखद सुस्तीबद्दल लिहिताना तो अफू आणि 'चांपोइंग' एकाच ओळीत बसवतो. साहेबाच्या लेखी अंग चेपून घेणं ही अशी ऐषारामाची, काहीशी संशयास्पद चैन होती. केस धुण्याला अफूच्या पंगतीला बसवायचं कुणालाच सुचलं नसतं.

शेवटचा 'ओ' काय सांगतो

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात मिसळलेले इकडचे शब्द त्यात गोळा केले आहेत. ('या हसन, या हुसैन' ही मोहरममधली आरोळी गोऱ्या शिपायांच्या कानात शिरून जे बाहेर पडली, ते या कोशाचं नाव.) त्यात 'शाम्पू'चा पहिला अर्थ 'थकवा घालवण्यासाठी स्नायू चेपणं आणि मळणं' असाच दिलाय. उगमही दिलाय: हिंदी 'चांपना' म्हणजे दाबणं, त्याचं आज्ञार्थी रूप 'चांपो'.

आता हे आज्ञार्थी रूपच का? इंग्रजाला क्रियापद उसनं घ्यायचं होतं तर त्याने 'चांपना'तलं मूळ 'चांप' घ्यायला हवं होतं. ग्रोसच्या 'चॅम्पिंग'मध्ये तसं झालेलं दिसतंही. पण टिकला तो 'ओ'वाला शब्द. कारण उघड आहे. साहेब व्याकरणाचं पुस्तक उघडून हिंदुस्तानी शिकत नव्हता. ती भाषा त्याच्या तोंडी होती ती हुकमापुरती. नोकराला करा, आणा, लावा, पकडा असं सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे त्याच्या लेखी क्रियापदाचं एकच रूप जिवंत होतं, समोरच्याला फर्मावायचं.

आणि हा सुटा अपघात नव्हता, म्हणून तर यूल-बर्नेल यांचा उगम पटतो. त्यांच्याच कोशात अशा हुकमांची रांग आहे. 'पकडाव'चं 'पकराव' झालं आणि ते सोल्जरांच्या तोंडी धरून आणण्याचं क्रियापद बनलं. 'बनाओ'वरून 'बनाव' आलं, अर्थ थाप रचणं किंवा नुसतीच थाप. 'धमकाओ'वरून दरडावण्याचं क्रियापद आलं, 'फुसलाओ'वरून गोडगोड बोलून वळवण्याचं. 'लगाओ'वरून आलेलं क्रियापद तर जहाज धक्क्याला लावण्यापर्यंत पोचलं. 'घबराओ'चा अर्थ उलटाच झाला. आपल्याकडे घाबरणारा वेगळा आणि घाबरवणारा वेगळा, इंग्रजीत ते समोरच्याची गाळण उडवण्याचं क्रियापद झालं. ही सगळी बिचारी कंपनीच्या राज्याबरोबर विझली. या अख्ख्या कुटुंबातून जगभर नाव काढलं ते एकट्या 'चांपो'ने.

चाफ्याची कथाही इथेच निकालात काढू. शाम्पू हा 'चंपक' म्हणजे चाफ्यावरून आला, जुन्या काळी केसांना चाफ्याचं तेल लावत असत, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ऐकायला फार सुरेख वाटतं. पण हे खरं असतं तर जुन्या नोंदी तेलाच्या किंवा फुलाच्या नावाच्या निघायला हव्या होत्या, आणि केसांच्या निघायला हव्या होत्या. निघतात त्या क्रियापदाच्या, आणि दंड-मांड्या चेपण्याच्या. शब्दाचा उगम नुसत्या ध्वनीच्या सारखेपणावर ठरवला की माणूस फसतो. सर्वात जुन्या वापरात त्याचा अर्थ काय होता, हे आधी बघायचं. चाफ्याची कथा केस मनात धरून रचलेली आहे, म्हणजे ती शब्दाचा अर्थ बदलल्यानंतरची आहे.

शेख दीन महंमदची वाफ

आता पाटण्याचा माणूस. त्याचं नाव इंग्रजीत 'सेक डीन महोमेट' अशा चमत्कारिक रूपात छापलेलं असतं. साधा शेख दीन महंमद तो. जन्म १७५९, पाटणा. वडील कंपनीच्या बंगाल फौजेत होते, ते मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना लढाईत गेले. पोरगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने फौजेबरोबर हिंडला, सुभेदार झाला, १७८२ मध्ये नोकरी सोडली आणि बेकरबरोबर बोटीत बसून १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोचला. तिथे इंग्रजी शिकला, जेन डॅली या मुलीबरोबर पळून जाऊन लग्न केलं, आणि १७९४ मध्ये स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. एवढ्यानेही त्याचं नाव इतिहासात राहिलं असतं.

पण तो स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. सहकुटुंब लंडनला गेला. तिथे बेसिल कॉक्रेन नावाच्या, मद्रासकडे गडगंज पैसा करून परतलेल्या स्कॉटिश माणसाने पोर्टमन स्क्वेअरमध्ये वाफारा घ्यायचं स्नानगृह काढलं होतं. दीन महंमद तिथे कामाला लागला, आणि वाफेच्या जोडीला त्याने अंग चेपणं सुरू केलं असं मानतात. १८१० मध्ये त्याने जवळच 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. नाव कॉफीचं, पण मिळायचं हिंदुस्थानी जेवण आणि हुक्का. भारतीय माणसाने लंडनमध्ये काढलेली ही पहिली खानावळ. ज्या निवृत्त साहेबांसाठी ती काढली, त्यांच्या घरी इकडून नेलेले स्वयंपाकी होते म्हणे. खानावळ चालली नाही, १८१२ मध्ये दिवाळं निघालं. पन्नाशी उलटलेला माणूस, पदरात पोरंबाळं. त्याने गाशा गुंडाळून ब्रायटन गाठलं.

ब्रायटन निवडण्यात त्याची हुशारी दिसते. १७५० मध्ये डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिल्यापासून तो किनारा दुखणेकऱ्यांनी गजबजला होता. शिवाय युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, तिथेच आपल्या महालावर हिंदुस्थानी थाटाचे घुमट चढवून घेत होता. म्हणजे गावात सांधेदुखीचे श्रीमंत रोगी होते आणि युवराजाला हिंदुस्थानी वस्तूंचं वेड होतं. यापेक्षा चांगली बाजारपेठ दुसरी कुठली मिळणार?

तिथे १८१४ च्या सुमारास त्याने काम सुरू केलं आणि १८२१ मध्ये समुद्राला लागूनच 'महंमद्स बाथ्स' ही मोठी इमारत उभी राहिली. उपचार असा: रोग्याला आधी वनस्पती घातलेल्या वाफेत बसवायचं. घाम सुटला की त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या. शाम्पू करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालणार आणि रोग्याचं अंग चेपणार. ब्रिटिश भिडस्तपणा आणि हिंदुस्थानी हात यांची याहून चांगली तडजोड कुणाला जमली नसती. बरे झालेल्यांनी मागे टाकलेल्या कुबड्या आणि पाय सरळ करायची लोखंडी साधनं तो दर्शनी भागात टांगून ठेवी. जाहिरातीचं मर्म त्याला कळलं होतं. १८२२ मध्ये त्याने या उपचारावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातला पहिलाच शब्द 'शाम्पूइंग'. चौथ्या जॉर्जने आणि त्याच्यानंतर चौथ्या विल्यमने त्याला 'शाम्पूइंग सर्जन' हा किताब दिला.

सर्जन! ज्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं नव्हतं त्याला. ती उणीव भरून काढायला त्याने आपला जन्म १७४९ चा सांगायला सुरुवात केली. दहा वर्षं जास्त दाखवली की तरुणपणी हिंदुस्थानात वैद्यकी शिकलो हे सांगायला जागा मिळते. ही थाप त्याला पुरून उरली. १८५१ मध्ये तो वारला तेव्हा नव्वदी ओलांडलेला होता, पण कबरीवर वय कोरलं गेलं १०१. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद मात्र खराखुरा डॉक्टर निघाला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये त्याने रक्तदाबावर मोलाचं संशोधन केलं.

मग दीन महंमदने शाम्पू विलायतेला नेला का? शब्द नेला नाही. तो त्याच्या जन्मानंतर तीन वर्षांत लंडनमध्ये छापून झाला होता, आणि 'च'च्या रूपात त्याआधीच. केस धुणंही नेलं नाही. त्याच्या इमारतीत शाम्पू होत होता तो गुडघ्यांचा आणि पाठीचा. त्याने केलं ते वेगळंच, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. प्रवासवर्णनांत पडून राहिलेला, चैनबाजीचा वास असलेला एक शब्द त्याने दुकानाच्या पाटीवर चढवला. सामान्य इंग्रजाच्या तोंडी तो रुळवला. आणि नकळत तो ओला केला. कोरड्या अंगावर होणारी क्रिया त्याने वाफेच्या खोलीत आणली.

धुणं आत शिरलं

'शाम्पू' हा शब्द घराघरांत कुठल्या अर्थाने पोचला होता, याचा एक मासला चार्ल्स डिकन्सच्या 'डोम्बी अँड सन' या १८४६ ते १८४८ दरम्यान क्रमशः निघालेल्या कादंबरीत मिळतो. ब्रायटनमध्ये एक खडूस बाई मुलांसाठी बोर्डिंग चालवते. तिथल्या एका नाजूक मुलीला रोज सकाळी शाम्पू केलं जातं, आणि अशानं ती पोर झिजून नाहीशीच होणार की काय, अशी धास्ती वाटते. आजचा वाचक इथे फेसाळलेले केस डोळ्यांसमोर आणतो आणि विनोद हुकतो. ती मुलगी रगडली जात होती. म्हणून झिजण्याची भीती. आणि गावही ब्रायटनच, हा काही योगायोग नाही.

दीन महंमद वारल्यावर पाचच वर्षांनी, १८५६ मध्ये, आयर्लंडमध्ये ब्लार्नी इथे तुर्की पद्धतीचं हमाम सुरू झालं. ब्लार्नी म्हणजे दीन महंमदच्या कॉर्कपासून हाकेच्या अंतरावर. डेव्हिड अर्कर्ट या राजकारण्याने तुर्कस्तानात पाहिलेल्या हमामांबद्दल लिहिलं, डॉक्टर रिचर्ड बार्टर यांनी ते वाचून प्रयोग केला. मग ब्रिटनभर हमामांची लाटच आली. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटचं प्रसिद्ध हमाम १८६२ चं.

या हमामांत गरम खोलीत घाम काढल्यावर एक माणूस अंग चेपायचा, मग खरखरीत हातमोज्याने मळ काढायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत साबणाचा फेस करून चोळायचा, मग पाणी ओतायचा. तुर्कस्तानात त्याला तेल्लाक म्हणतात. इंग्रजांकडे त्याच्यासाठी तयार शब्द होता: 'शाम्पूअर'. आणि चेपणं, घासणं, फेस, पाणी हे सगळं जिथे व्हायचं ती 'शाम्पूइंगची खोली'.

सांधा मला इथे दिसतो. शब्द एका क्रियेचा होता, पण ती क्रिया आता चार क्रियांच्या माळेत ओवली गेली. गिऱ्हाईक बाहेर येऊन म्हणायचं, 'मस्त शाम्पू झाला.' त्यात चेपणं किती आणि धुणं किती, हे कोण मोजतंय? ऐकणाऱ्याने धुणं जास्त धरलं तरी वाक्य चुकत नव्हतं. शब्दांचे अर्थ बहुधा असेच सरकतात. कुणी ठरवून बदलत नाही. दोन गोष्टी नेहमी बरोबर घडतात, एकीचं नाव दुसरीला चिकटतं, आणि एक दिवस भाडेकरू घरमालक होऊन बसतो.

राहिला प्रश्न अंगावरून डोक्यावर जाण्याचा. ते काम न्हाव्यांनी केलं. हमामात जायला वेळ आणि पैसा लागायचा, न्हाव्याची खुर्ची कोपऱ्यावर होती. तिथे कपडे काढून अंग चेपून घेणं शक्य नव्हतं. हाताशी उघडं होतं ते फक्त डोकं. त्यामुळे न्हाव्याच्या दुकानातला शाम्पू म्हणजे डोकं फेसाने खसखसून चोळणं आणि धुणं. या अर्थाची पहिली छापील उदाहरणं १८६० च्या आसपासची आहेत, आणि त्याच दशकात शब्दाने शेवटची उडी मारली: क्रियेचं नाव वस्तूला लागलं. फेस करायला जे द्रावण वापरायचे तेच शाम्पू झालं. हुकूम, मग क्रिया, मग बाटली.

जुना अर्थ लगेच मेला नाही. हमामांमधले शाम्पूअर विसाव्या शतकातही होते. १९०५ मध्ये आर्थर रायडर या अमेरिकन संस्कृत पंडिताने 'मृच्छकटिक'चं भाषांतर केलं. देवलांच्या नाटकामुळे ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यातला संवाहक, म्हणजे अंग चेपणारा, आठवा: जुगारात हरलेला, वसंतसेनेने कर्जातून सोडवलेला, शेवटी बौद्ध भिक्षू झालेला. रायडरने त्याचं भाषांतर 'शाम्पूअर' असंच केलंय. १९०५ ला ते अचूक होतं. आज ते उघडणाऱ्या कॉलेजातल्या पोराला हा सलूनमध्ये केस धुणारा वाटणार. मूळ नाटकात वसंतसेना त्याला म्हणते, फार नाजूक कला शिकलास बाबा. तो म्हणतो, कला म्हणूनच शिकलो होतो, आता पोटापाण्याचा धंदा झाला आहे. आणि आपलं जन्मगाव तो पाटलीपुत्र सांगतो. पाटणा! दीन महंमदला हे नाटक माहीत असण्याचं काही कारण नाही. तरी त्याच्या आधी कित्येक शतकं, पाटण्याहून निघून परगावी अंग चेपून पोट भरणारा माणूस नाटककार शूद्रकाने रंगमंचावर आणून ठेवलेला आहे.

बाटलीत काय होतं

सुरुवातीचं शाम्पू म्हणजे पातळ केलेला साबणच. आणि साबणाचं केसांशी जमत नाही. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनवतो. बोअरच्या जड पाण्यात ज्यांनी साबणाने केस धुतलेत त्यांना हा पांढुरका थर ओळखीचा आहे. शिवाय साबण अल्कधर्मी. केसावरचे सूक्ष्म खवले त्याने उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकतात. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ मध्ये पाण्यात कालवायची शाम्पूची पूड कागदी पुड्यांत विकायला काढली, ती सोयीची होती. पण साक्याचा प्रश्न सुटला तो १९३० च्या दशकात, साबण सोडून कृत्रिम फेसकारकं वापरायला लागल्यावर. अमेरिकेत १९३४ मध्ये 'ड्रीन' नावाचं तसलं शाम्पू बाजारात आलं. जड पाण्यातही त्याचा फेस व्हायचा आणि साका धरायचा नाही.

आपल्याकडे रिठा आणि शिकेकाई यांनी हे काम आधीपासूनच चालवलं होतं. दोघांतही सॅपोनिन असतं, त्याचा फेस होतो आणि जड पाण्यात साबणासारखा साका धरत नाही. गोऱ्यांना केस धुवायला आपण शिकवलं हे खरं नाही. पण त्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखंही काही नव्हतं.

जिथे जिथे हा शब्द गेला तिथे त्याची वेगळी तऱ्हा झाली. फ्रेंचांनी 'शाम्पूइंग' हे शेपटासकट उचललं, त्याचा उच्चार 'शांप्वँ' केला आणि क्रियेचं ते रूप बाटलीतल्या वस्तूला लावलं. जर्मन भाषेत 'शाउम' म्हणजे फेस, तेव्हा श्वार्त्सकोफच्या पुड्यांवर 'शाउम्पोन' असं नाव आलं. परका शब्द आपल्या भाषेत अर्थपूर्ण करून घ्यायची ही खोड सगळीकडची. आपला चाफा तिकडचा फेस.

आणि मराठीत तो 'शाम्पू' होऊन परत आला. शहरात आधी बाटलीतून. खेडोपाडी पोचला तो १९८० च्या दशकापासून, तमिळनाडूतल्या कडलूरच्या उद्योजकांनी सुरू केलेल्या छोट्या पुड्यांनी. किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या त्या माळा अजून आहेत. मूळ शब्दाचा सख्खा भाऊ 'चंपी' तर कुठे गेलाच नव्हता. तेलाच्या बाटल्या घेऊन गिरगाव चौपाटीवर फिरणाऱ्यांनी तो जिता ठेवला. आता सलूनच्या दरपत्रकावर दोघं वेगवेगळ्या ओळींत असतात. एका ओळीत शाम्पू, दुसरीत हेड मसाज, आणि चंपी म्हटलं की न्हावी दुसऱ्या ओळीचे पैसे लावतो.

शाम्पू मात्र एव्हाना केसांनाही सोडून निघालाय. गाडी धुवायचा शाम्पू मिळतो, गालिच्याचा मिळतो, कुत्र्याचा वेगळा. ज्यात पाणी लागतच नाही असा 'ड्राय शाम्पू'ही मिळतो: केसांवर फवारायचा, बोटांनी मुळांशी चोळायचा आणि विंचरून काढायचा.